न वाळणारा तेरडा

“ह्याला काय पाणी म्हणायचं? डाळ शिजत न्हाई, केस चिकटत्यात, आणि धार बघ कशी, म्हाताऱ्याच्या लाळेगत.”

मयुरीची घागर नळाखाली भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं. तिच्या अगदी कानामागे कुणीतरी कुरकुरलं होतं. गणपती झाल्यापासून नव्या खेतवाडीत ऐकलेली ही पहिली कुरकूर, आणि ती ऐकून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

वळून पाहिलं तर शेजारची कोमल. नाक लाल, डोळे सुजलेले, ओढणीचा बोळा नाकाशी.

“काय गं, बरं न्हाई?”

“सर्दी झालीया आत्ती. नाक पार चोंदलंय. आणि मला सांगा, ह्या घरांची तोंडं उत्तरेला कुणी केली? दारात ऊन म्हणून येत न्हाई. आपल्या सड्यावर सकाळी चूल पेटायच्या आधी ऊन घरामागच्या परड्यात...” एवढं म्हणून कोमल नळाच्या ओट्यावर बसली आणि रडायला लागली.

ओळीतल्या बाकीच्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या नजरेत दया नव्हती आणि रागही नव्हता. टीव्हीवर दूरच्या देशातला पूर बघावा तशा त्या बघत होत्या. “रडू नगं गं, हुईल बरं,” एक जण गोड हसून म्हणाली आणि आपली कळशी लावली.

मयुरीला त्या गोड हसण्याची भीती वाटली. आजची नव्हे, पावसाळ्यापासूनची.

खेतवाडी आधी सड्यावर होती. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं सपाट कातळ. वरून पाहिलं तर उघडाबोडका दगड, पण पाऊस पडला की त्याच्यावरच्या चार बोटं मातीत कुठून कुठून फुलं यायची. निळी, पिवळी, पांढरी, बोटाच्या पेराएवढी. त्यातली काही त्या एका सड्याखेरीज जगात कुठंच नव्हती. आणि त्याच कातळाच्या पोटात बॉक्साइट होतं, ज्याच्यापासून ॲल्युमिनियम करतात. बॅटऱ्यांना ॲल्युमिनियम, गाड्यांना ॲल्युमिनियम, आकाशात फिरणाऱ्या वीजघरांना ॲल्युमिनियम. तेव्हा फुलांचं काय व्हायचं ते ठरलेलंच होतं.

फक्त एवढं, की तोवर कायदा कडक झाला होता. खाण उघडायची तर तिथलं प्रत्येक देशी झाड जिवंत उचलायचं, राखीव जमिनीवर नेऊन लावायचं, आणि ते तिथं रुजल्याचं दाखवल्याशिवाय सुरुंगाला हात लावायचा नाही. त्या राखीव जमिनीला सरकारनं नाव दिलं आसरावन. मग रुंद पात्यांची यंत्रं सड्यावर आली आणि त्यांनी ताटातल्या वड्या पाडाव्यात तशी माती मुळांसकट कापली. ढेपा ट्रेमध्ये ठेवल्या, ट्रे गारव्याच्या गाड्यांत ठेवले. झाडांना गारव्याची गाडी आणि माणसांना टेम्पो. झाडांचं पुनर्वसन आधी झालं, माणसांचं मागाहून. झाडांची निगा राखायला सड्यावरचीच माणसं हवीत म्हणून वाडीही आसरावनाच्या हद्दीपासून थोडं लांब आणून वसवली. घरटी दोघांना काम.

वाडी सहजासहजी उठली नव्हती. मयुरीचा नवरा हर्षद यंत्रापुढं आडवा पडला होता आणि त्याला चौघांनी उचलून बाजूला ठेवलं होतं. शेवटी वाडी होती तो खालचा सडा द्यायचा आणि त्याच्या माथ्याचा वरला सडा जन्मात मागायचा नाही, असा शब्द ठरला. वरल्या सड्यावर देवीचा दगड होता, झरा होता. आणि एका अंजनीच्या झुडपाखाली मयुरीची आणि हर्षदची मुलगी होती. बारशाआधी गेली, म्हणून तिला नाव नव्हतं. लहान जीव जाळत नाहीत, पुरतात. पंचवीसेक वर्षं झाली होती. मागाहून झालेला मुलगा शिकून बंगळुरूला गेला, पण नवराबायको तिच्याविषयी एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नव्हते. हर्षद वर जायचा, बसायचा, परत यायचा. रात्री झोपेत दात खायचा.

तोच हर्षद नव्या वाडीतल्या पहिल्या गणपतीनंतर लहान मुलासारखा झोपू लागला.

मयुरीचा स्वभाव मुळात संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तर ती घरी येऊन भाजी दोनदा निवडायची. पण इथं संशय कुणाचा घ्यावा हेच कळेना. गाव उठवलेलं, सडा फोडलेला, आणि माणसं आनंदात. भांडण नाही, शिवी नाही. कोमलचा सासरा म्हातारा धोंडीआबा, ज्यानं “हितनं माझं मढंच हलंल” म्हणून सांगितलं होतं, तो आता दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. सड्यावरचा पहिला सुरुंग उडाला त्या दिवशी खिडकीची तावदानं थरथरली. हर्षद भाकरी मोडताना क्षणभर थांबला आणि म्हणाला, “चटणी दे.”

तिनं आधी पाण्यावर संशय घेतला. महिनाभर डोंगरातलं पाणी आणून तेच दोघांनी प्यालं. फरक नाही. मग कामावर फुकट मिळणाऱ्या चहावर संशय घेतला, हर्षदला घरून चहा दिला. फरक नाही. मग दर पंधरवड्याला येणाऱ्या नर्सच्या गोळ्यांवर. गोळ्या तिनं उशीखाली साठवल्या आणि शेवटी तिलाच ॲसिडिटी झाली तेव्हा त्यातलीच एक घेतली.

आणि या सगळ्यात ती एकटीच रडत होती. सड्यासाठी, परड्यासाठी, अंजनीसाठी. इतरांना होत नाही ते आपल्यालाच का, म्हणून तिनं स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. आता कोमल रडली आणि मयुरीच्या डोक्यात काहीतरी हललं.

कोमल आठवडाभर कुरकुरली, रडली, घरांना शिव्या दिल्या, खाणीच्या कंपनीला शिव्या दिल्या, एकदा तर सासऱ्याला म्हणाली, “आबा, तुम्ही हासताय कशापायी?” मग एके दिवशी ती ओट्यावर आली. नाक मोकळं झालेलं. “काय बाई मी पण, उगीच रडत बसले,” म्हणाली आणि गोड हसली.

मयुरी कळशी घेऊन उभीच राहिली.

तिला स्वतःला वास येत नव्हता. ती कॉलेजात असताना जी मोठी साथ आली होती, तिच्यात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. दूध नासलं का हे नवऱ्याला विचारायचं, फोडणी करपली हे धुरावरून ओळखायचं, अशीच तिची सगळी गृहस्थी झाली. वाडीत नाक नसलेली ती एकटी. आणि मध्ये आठवडाभर कोमल.

म्हणजे पाण्यात नाही, चहात नाही. हवेत.

ती घरी आली आणि उंबऱ्याशी थांबली. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेरडा फुलला होता. गुलाबी, पौषातला.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण काही कुणी हौसेनं केलेली नाही. पावसात उगवतो, गणपतीच्या सुमारास फुलतो आणि दसऱ्यापर्यंत त्याची काटकी होते. या वाडीतला तेरडा संक्रांत आली तरी वाळायला तयार नव्हता. लोकांना कौतुक वाटत होतं. मयुरीलाही वाटलं होतं, याची आता तिला लाज वाटली.

हा तेरडा दाराशी आला त्याला गौर कारण होती. खेतवाडीची गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. बायका मुक्यानं सड्यावर जातात, मुळांसकट तेरडा उपटतात, पदराखाली घेऊन येतात. लेक माहेरी आली म्हणून तिला भाजीभाकरीचा निवद दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी ओढ्यात सोडतात. पुरुष गौर आणत नाहीत. फक्त हर्षद आणायचा. दरवर्षी वरल्या सड्यावरून, अंजनीजवळचा तेरडा. वाडीनं त्याला कधी हटकलं नाही. सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

यंदा सडा लांब, वाटेत खाणीचं कुंपण. म्हणून सगळ्यांनी आसरावनातूनच तेरडा आणला, हर्षदनंही. मूळचा आपल्याच सड्यावरचा तर होता. पण तिसऱ्या दिवशी पंचाईत झाली. इथं ओढा नाही, आणि झाडं पाण्यात टाकायला बंदी. मग गौर टाकायची कुठं? कचऱ्याच्या गाडीत? लेक कुणी कचऱ्यात टाकतं का? कुणीतरी आपली गौर दाराशी मातीत लावली, आणि मग घरोघर तेच झालं. प्रत्येक उंबऱ्याशी तेरडा.

मयुरीनं ओणवी होऊन फुलात नाक खुपसलं. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. काचेला नाक लावल्यासारखं.

*

आसरावनाच्या रोपघरात डॉक्टर ओवी सबनीस ढेपांवर वाकून काम करत होत्या. तिशीतली बाई, बोलायला मोकळी, पण तोंडावर कायम जाड गाळणीचा मास्क. परागांची ॲलर्जी आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. मयुरी त्यांच्या हाताखाली तण काढायची. त्या दिवशी तिनं खुरपं घेतलंच नाही.

“बाई, तो मास्क जरा काढा बघू.”

“का हो मयुरीताई?”

“काढा तर खरं. ॲलर्जी असंल तर शिंक येईल, एवढंच न्हवं?”

ओवीबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. मास्क काढला नाही. “बसा,” म्हणाल्या. मयुरी बसली नाही.

“तेरड्यात काय घातलंया?”

“घातलं नाही. मुळांवर चढवलंय.” बाईंनी एक ढेप उचलून तिरकी केली. मुळांवर पांढरी, कापसाच्या तंतूसारखी जाळी होती. “बुरशी आहे. आम्ही तिला विसावा म्हणतो. सगळ्याच झाडांना आहे, नुसत्या तेरड्याला नाही. थांबा, सुरुवातीपासून सांगते. उपटलेलं झाड ओरडतं. आवाजानं नाही, वासानं. ताजं कापलेलं गवत असतं ना, त्याचा जो वास...”

“मला न्हाई येत वास.”

“हो. चुकलं. बाकीच्यांना येतो आणि आवडतो. ती खरी त्या गवताची बोंब असते. शेजारच्या झाडाला ती कळते. ते मुळं आखडतं, पानं मिटतं, धोका टळेपर्यंत दम धरून बसतं. एखादंच झाड उपटलं तर ठीक आहे. आपण सबंध सडा उपटला. सगळी झाडं बोंबलतात आणि सगळी एकमेकांची बोंब ऐकून दम धरतात. आधीच्या काळी अशी झाडं हलवली की बहुतेक मरायची. लोक म्हणायचे पाणी कमी पडलं, माती मानवली नाही. ती एकमेकांच्या आकांतानं मरत होती.”

“शेजारी मयत झालं की आपल्यात चूल पेटत न्हाई. तसं.”

“तसंच. फक्त यांची चूल परत पेटतच नव्हती.” बाईंच्या मास्कमधून हसल्यासारखा आवाज आला. “विसावा मुळांत शिरला की झाडाच्या पानांतून दुसराच वास सुटतो. ‘धोका टळला, मुळं सोडा’ असा त्याचा अर्थ, झाडांच्या भाषेत. एकानं सोडली की शेजारचं सोडतं. एका पावसाळ्यात सगळं आसरावन रुजलं, तुम्ही स्वतः पाहिलंत.”

“आणि माणसं?”

ओवीबाईंनी ढेप हळूच ट्रेमध्ये ठेवली. तिच्या कडा बोटानं नीट दाबल्या.

“बाई, आमची माणसं.”

“नाकाच्या वरच्या टोकाला बारीक तंतू असतात. वास तिथं धरला जातो आणि तिथून मेंदूत जातो. बाकी बातम्या मेंदूत वळसे घेत जातात. वास मात्र भीती आणि दुःख जिथं साठतं त्या कोपऱ्याला जवळच्या वाटेनं गाठतो. म्हणून एखाद्या वासानं रडू येतं आणि का ते कळत नाही. हा वास त्या कोपऱ्याला सांगतो, टळलं. माणूस विसरत नाही काही. गाव आठवतं, गेलेलं माणूस आठवतं. त्याचं दुखत नाही, एवढंच. पोटातून गेला तर काही होत नाही, नाकातूनच जायला लागतो. आणि थोडं लांब गेलं, मोकळं वारं लागलं की तासाभरात उतरतो.”

“म्हणून तुम्ही मास्क घालता.”

“मला झाडं जगलीत का मेलीत हे बघायचं असतं. वासात बसलं की सगळीच जगल्यासारखी वाटतात.”

मयुरीला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. “तुम्हांला कळलं कवा? आमच्या दारातलं?”

“गौरीनंतर. आम्ही वस्ती मुद्दाम लांब ठेवली होती. रानात वास विरून जातो. तुम्ही तो उपटून घराच्या उंबऱ्याला लावाल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी वर कळवलं.”

“मग?”

“वरून विचारलं, वस्तीत काही तक्रार आहे का? मी म्हटलं, तक्रारच नाही, हीच तक्रार आहे. ते म्हणाले, मग राहू द्या.”

बाहेर पाण्याचे फवारे सुरू झाले. ओवीबाई एका झाडापाशी गेल्या आणि तेरड्याची एक बोंडी खुडून मयुरीच्या तळव्यावर ठेवली. “दाबा.” तेरड्याची पिकली बोंडी दाबली की फटकन फुटते आणि बी उडतं, हे सड्यावरच्या पोरांना आईच्या दुधाबरोबर कळतं. मयुरीनं दाबली. ती मऊ होती. आत काही नव्हतं.

“फुलतात. बी धरत नाहीत,” ओवीबाई म्हणाल्या. “वाळण्याची वेळ आली, ही सुद्धा झाडाला एक धोक्याचीच खूण असते. ती कळली की झाड घाईघाईनं बी धरतं. यांना ती कळतच नाही. ज्याला उद्याची काळजी नाही ते बी कशाला धरेल? माझ्या कागदांत सगळी झाडं जिवंत आहेत. पुढच्या पावसाळ्याचं मला कुणी विचारत नाही, आणि मीही बोलत नाही.”

“पुढच्या आठवड्यात फेरसंमतीची सभा हाय, ठाऊक हाय न्हवं?”

ठाऊक होतं. कंपनीला आता वरला सडा हवा होता. दिलेला शब्द मोडायचा तर वाडीची पुन्हा संमती लागणार होती, सगळ्यांसमोर, हात वर करून. सभा वाडीच्या चौकात ठरली होती, तेरड्याच्या मधोमध.

“समदे व्हय म्हणतील,” मयुरी म्हणाली. “माझा नवरा बी म्हणंल. हसत म्हणंल. बाई, तिथं माझी...” तिनं वाक्य सोडलं. “तो हात त्येंचा असंल का तुमच्या बुरशीचा?”

दुसऱ्या दिवशी ओवीबाईंनी सभेच्या अधिकाऱ्यांना फोन केला आणि सांगितलं, ज्या जागेची संमती घ्यायची ती जागा लोकांना दाखवून, तिथंच सभा झालेली बरी, नाहीतर उद्या कुणी कोर्टात जाईल. अधिकाऱ्यांनी लगेच मान्य केलं. इतक्या शांत वाडीला कुठंही नेलं तरी काय बिघडणार होतं?

*

सभेपर्यंतचे दिवस मयुरीनं कसेबसे काढले. एकदा तिला राहवलं नाही. दुपारी हर्षद कामावर असताना तिनं आपल्या उंबऱ्याचा सगळा तेरडा उपटला आणि लांब नेऊन टाकला. घराच्या खिडक्या उघडल्या. म्हटलं, बघू.

संध्याकाळी हर्षद आला. उंबऱ्याशी उकरलेली माती बघून थांबला. “काय झालं?” असं त्यानं विचारलं नाही. हातपाय धुतले, चहा प्याला. जरा वेळानं त्याचा गुडघा हलायला लागला, जुनी सवय. भिंतीकडे बघत बसला.

“अहो, काय होतंय?”

“काय न्हाई. जरा कोमलच्यात जाऊन येतो. धोंडीआबा एकटा असंल.”

धोंडीआबा एकटा नव्हता, घर भरलेलं होतं. मयुरीनं दारातून पाहिलं. हर्षद धोंडीआबाशेजारी, त्यांच्या उंबऱ्याच्या तेरड्याला टेकून बसला होता. गुडघा थांबला होता.

सकाळी उठून पाहते तर तिच्या दाराशी नवा तेरडा. माती ओली, नीट थापलेली. हर्षद हात धूत होता.

“कुठनं आणला?” तिनं विचारलं.

“होता तिकडं जादाचा,” तो म्हणाला आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता टॉवेल शोधू लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

मयुरीला तेव्हाच शंका यायला हवी होती. एरवी कोथिंबिरीचीही येते. पण नवऱ्यावर संशय घ्यायचा तिचा हात त्या दिवशी आखडला.

*

सड्यावर वारं होतं. वरल्या सड्यावर पौषात दुसरं काही नसतंच. पिवळं गवत, काळं कातळ आणि वारं. खालच्या बाजूला, जिथं खेतवाडी होती, तिथं लाल खड्डा होता. त्यात यंत्रं मुंग्यांएवढी दिसत होती.

दोन बसमधून माणसं उतरली ती सहलीला आल्यासारखी. बायकांनी भडंग आणलं होतं. धोंडीआबाला दोघांनी धरून देवीच्या दगडापाशी बसवलं. अधिकाऱ्यांनी टेबल मांडलं, कंपनीचा एक पोरगेला साहेब टाय सावरत उभा राहिला. ओवीबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. मयुरीनं त्यांचं तोंड पहिल्यांदाच पाहिलं. हनुवटीवर तीळ होता.

“जरा दम धरा साहेब,” मयुरी म्हणाली. “आधी माणसांना जागा बघू दे. मग इचारा.”

माणसं जागा बघत हिंडली. कुणी झऱ्यावर गेलं, कुणी खड्ड्याच्या कडेला. भडंगाचा डबा फिरला, मग फिरायचा थांबला. वारं सुटलेलंच होतं. आधी बोलणं कमी झालं. मग कोमल आपल्या घराची जागा हवेत बोटानं दाखवता दाखवता मध्येच गप्प झाली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. धोंडीआबा देवीच्या दगडावर तळवा ठेवून बसला होता. त्याच्या घशातून एक बारीक आवाज येऊ लागला, दार किरकिरावं तसा, आणि तो थांबेना.

मयुरीचे डोळे भरून आले, पण मनात तिला बरं वाटत होतं. ही तिची माणसं होती. परत आली होती. कंपनीचा साहेब अधिकाऱ्यांच्या कानाशी लागला, ओवीबाई कातळाकडे बघत राहिल्या.

हर्षद अंजनीपाशी उभा होता. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले, कुणी लाथ मारल्यासारखा वाकलेला. मयुरी त्याच्याकडे जायला निघाली, पण तेवढ्यात अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. आता उशीर केला तर सभा हातची जाईल, हे त्यांना कळत असावं.

“मंडळी, वरल्या सड्याच्या खाणीला आपली संमती आहे का, एवढंच विचारायचं आहे. कुणाला बोलायचं असेल तर बोला.”

“मला बोलायचं हाय,” मयुरी म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. बुरशी, वास, गौर, तेरडा, बी नसलेली बोंडी. कोमलची सर्दीही सांगितली. “आज तुमच्या नाकात वारं हाय, दुसरं काय न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “आज जे वाटतंय ते तुमचं सोताचं हाय. तेवढं धरा आणि हात वर करायचा का न्हाई ते ठरवा.”

कुणी चकित झालं नाही. मयुरीनं एकेका तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं खाली होती, आणि त्यांतल्या एकावरही नवल नव्हतं. चोरी उघडी पडल्यावर पोरं बसतात तशी माणसं बसली होती.

मग हर्षद अंजनीपासून चालत आला. त्याला चालणं जड जात होतं.

“साहेब, घ्या सडा,” तो म्हणाला.

“अहो!”

“थांब मयुरी. कुणीतरी बोलाय पायजे, मी बोलतो.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “तुला वाटलं आमास्नी ठाऊक न्हाई. गौरीच्या चवथ्या दिवशीच समद्यांना कळलंय. बाजाराला गेलं की छातीत कालवायचं आणि दाराशी आलं की थांबायचं. एवढं कळाय डाक्टर लागत न्हाई. कुणी कुणाला बोललं न्हाई, एवढंच. मी बी तुला बोललो न्हाई.”

“मग आता तर वास न्हाई,” मयुरी म्हणाली. “आता तर तुमचं डोकं तुमचंच हाय.”

“म्हणून तर आता सांगतोय. आपली पोर...” हा शब्द त्या दोघांमध्ये आजवर उच्चारला गेला नव्हता. “आपली पोर जाऊन इतकी वर्सं झाली. रोज थोडं थोडं सोसत आलतो, सवय हुती. ती सवय मोडली माझी. आज तितं उभा ऱ्हायलो आणि ती आज सकाळीच गेल्यागत झालं मला. हे पेलत न्हाई गं. धोंडीआबाकडं बघ. कुणालाच पेलत न्हाई. साहेबांस्नी सडा घेऊ दे, फक्त दारातली झाडं कुणी काढायची न्हाईत एवढं कागदावर घ्या म्हणावं, आणि आमाला खाली न्या.”

मागे कुणाचा तरी हात वर झाला. मग कोमलचा. मग धोंडीआबाचा.

“आणि तू एकटी खरं धरून बसलीस म्हणून मला अभिमान बी हाय तुझा,” हर्षद म्हणाला. तो आता तिच्याकडेच बघत होता. “पर तू एकटी रडतीस ते आमी समदी रोज बघतो मयुरी, आणि आमच्यातल्या एकालाबी तुझ्या जागी यायचं न्हाई.”